लॅमिंग्टन रोडवरील सीडी-डीव्हीडी प्रत सेवा: अनुभव

आईच्या आवाजातील ओव्या २००४ साली आम्ही ११ सीडी-आरवर (घरच्या संगणकावर एकदा लिहिता येणाऱ्या सीडींवर) उतरवून ठेवल्या होत्या आणि घरातील संगणकाला आता डिस्क ड्राइव्हच नसल्याने त्या पेन ड्राइव्हवर घेण्यासाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरील एका छोट्या दुकानात दिल्या.

दुकानदारांनी प्रत्येक सीडी ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून तपासली. मधल्या छिद्राजवळचा पट्टा किंचित गडद दिसत होता. लेखन आतून बाहेर सर्पिल मार्गाने होत असल्यामुळे तेवढाच भाग भरलेला आहे, हे त्यांनी दाखवले. कारखान्यात छापलेल्या सीडीवर सूक्ष्म खळगे असतात, तर सीडी-आरमध्ये लेसर रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो, आणि हा थर कालांतराने खराब होतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, सीडीचा परावर्तक थर नाव लिहिण्याच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. म्हणून चकचकीत बाजूवरील चरा पुष्कळदा पुसता येतो, नावाच्या बाजूचा ओरखडा मात्र माहितीच नष्ट करतो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो.

नऊ सीडी पूर्ण वाचल्या गेल्या. उरलेल्या दोन्हींवर मीच बॉलपेनने नावे लिहिली होती. त्यांचे पैसे दुकानदारांनी घेतले नाहीत. काम चार दिवसांत झाले. जुन्या डिस्क घरी असतील, तर त्या लवकर येथे न्याव्यात.