सेकंडहँड पिकअपचं अ‍ॅव्हरेज ९.६ वरून १३ वर : अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत २०१३ ची डिझेल पिकअप घेतली. टर्बोची (तो इंजिनात हवा दाबून भरतो), इंजिनला डिझेल पुरवणारा पंप जुन्या पद्धतीचा. विकणारा म्हणाला, "तेराचं अ‍ॅव्हरेज आहे, डोळे झाकून घ्या." पहिल्याच महिन्यात डिझेलचा खर्च बघून घरात वाद झाला. आमचा माल नारायणगावहून वाशीला जातो. आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा रस्ता. जाताना टोमॅटोचे क्रेट, नाहीतर फ्लॉवर किंवा कांदा. येताना बऱ्याचदा पशुखाद्याची पोती. महिन्याला २४०० किलोमीटरच्या आसपास गाडी पळते, त्यामुळे लिटरमागे एक किलोमीटर कमी पडला तरी खिशाला कळतं.

आता नवरात्र आलंय. हिशेब वहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की लोक एक तर इंजिनकाम काढतात, नाहीतर गाडीच विकतात. या दोन्हीच्या आधी बघण्यासारखं खूप असतं.

माझी पहिली चूक मोजण्यातच होती. पाचशेचं, हजाराचं डिझेल टाकायचं आणि काट्यावरून अंदाज बांधायचा, याने काहीच कळत नाही. टाकी फुल करायची. पंप तोच, शक्यतो नोझलही तोच, आणि पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं. भरणारा पोरगा सवयीने आणखी दोनदा दाबून रक्कम गोल करतो, ते करू द्यायचं नाही. पुढच्या वेळी तसंच फुल करायचं, पावतीवरचे लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या. माझी आली ९.१.

मग एका गॅरेजला गेलो. गाडी चालू केली, रेस दिली, धूर बघितला आणि निदान झालं : इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेले. चारही नोझल आणि इंजिनच्या पंपाचं सेटिंग, १८ हजार रुपये. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी ९.२. नोझल खराब नसतातच असं मी म्हणत नाही. पण माझे काढलेले नोझल टेस्ट करून दाखवा म्हटलं तर दाखवले नाहीत, आणि पैसे देण्याआधी मी तो आग्रह धरायला हवा होता. तुम्ही धरा. नोझल टेस्टरवर लावला की फवारा कसा पडतो, थेंब गळतो का, हे पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

खरा धागा सापडला तो आळेफाट्याला. चहाला थांबलो होतो, तेव्हा मागच्या उजव्या चाकाकडून जळका वास आला. बाटलीतलं पाणी ब्रेकच्या ड्रमवर शिंपडलं, चर्र झालं आणि वाफ उडाली. डाव्या चाकावर तेच पाणी शिंपडलं, ते नुसतं ओघळून गेलं. ही परीक्षा घाट उतरल्यावर करू नका. टोकावड्याला सगळीच चाकं तापलेली असतात आणि काहीच कळत नाही. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर, ब्रेक फारसा न दाबता चालवा आणि मग बघा.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीकडे गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने ढकललं की दोन-अडीच फेरे फिरत होतं, उजवं अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. ड्रम काढला तर ब्रेकचे शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला, शू मागे येतच नव्हते. हँडब्रेकची केबलही आत गंजली होती, लिव्हर खाली केला तरी ती पूर्ण सुटत नव्हती. म्हणजे इतके महिने मी ब्रेक दाबूनच गाडी ओढत होतो. सिलिंडर, केबल, शू आणि मजुरी मिळून ३२०० रुपये. अ‍ॅव्हरेज १०.३. अठरा हजारांत जे झालं नाही ते इथे झालं.

दुसरी गोष्ट थंडीत लक्षात आली. पहाटे चारला निघायचो, ओतूर मागे पडलं तरी टेंपरेचरचा काटा खालीच. मला वाटायचं, गाडी थंड राहते म्हणजे चांगलंच आहे. मिस्त्रीने वरचा होज काढून हाउसिंग उघडलं आणि म्हणाला, "शेठ, इथं व्हॉल्वच नाही." आधीच्या मालकाची गाडी तापत असणार, आणि कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला असणार. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो. थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून त्या तापमानाला ठेवणं. साधारण ऐंशी अंशांच्या पुढे गेल्यावर तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तोच नसला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही. पण नुसता व्हॉल्व बसवून भागणार नव्हतं, कारण गाडी मुळात तापत होती ती रेडिएटर अर्धा चोक होता म्हणून. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घेतलं, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ केल्या, नवा थर्मोस्टॅट टाकला, कूलंट भरलं. नळाचं पाणी भरू नका, त्यानेच रेडिएटर चोक होतो. आता काटा आठ-दहा किलोमीटरमध्ये मधोमध येतो आणि तिथेच राहतो. अ‍ॅव्हरेज १०.९. आकडा लहान दिसतो, पण हे काम मी अ‍ॅव्हरेजसाठी नाही तरी केलंच असतं. थंड इंजिन आतून झिजतं.

एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, टायरची हवा लोडप्रमाणे ठेवायला लागलो, अलाइनमेंट केली. या सगळ्यांनी मिळून वहीत फरक दिसला नाही, कारण माझ्या गाडीत ते फार बिघडलेलं नव्हतं. रात्री इंजिनखाली पुठ्ठाही टाकून बघितला. सकाळी ऑइलचे दोन थेंब होते, डिझेलचा वास नव्हता. म्हणजे गळती नाही. पुठ्ठ्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे हे सर्वांत आधी करा.

पावसाळ्यात माळशेज चढताना आरशात काळा धूर दिसायला लागला. मागे खाद्याची पोती, तिसरा गिअर, आणि धुक्याच्या पांढऱ्यात तो काळा पट्टा स्पष्ट दिसायचा. ओढही कमी वाटायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स असा बारीक आवाज. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. नोझल तर नवे होते, मग हवा कुठे जाते? टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज वरून ठणठणीत दिसत होता. मिस्त्रीने खालच्या बाजूने बोट फिरवलं तेव्हा क्लॅम्पच्या कडेला ऑइलचा चिकट थर लागला. त्या थरामागे बोटाच्या पेराएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली, दाब आला की उघडायची. म्हणून नुसती रेस देऊन, धूर बघून ती कोणाला सापडली नसती. होज आणि दोन क्लॅम्प, हजाराच्या आत. धूर गेला, अ‍ॅव्हरेज ११.६.

इथवर आल्यावर एक वेगळाच घोळ उघड झाला. माझ्या भाच्याने मोबाईलवर जीपीएस लावून बघितलं, तर मीटरवर शंभर किलोमीटर झाले की मोबाईलवर एकशे पाचच्या वर. आधी वाटलं मोबाईल चुकतोय. मग पुणे-नाशिक रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत गेलो, मोबाईलच बरोबर निघाला. कारण स्टेपनीत होतं. स्टेपनी कंपनीच्या मूळ मापाची होती, चालू चाकांना मात्र आधीच्या मालकाने मोठ्या मापाचे टायर बसवले होते. टेप गुंडाळून घेर मोजला : स्टेपनी २२० सेंटिमीटर, चालू टायर २३२. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर मात्र फेरेच मोजतो. म्हणजे माझी गाडी वहीत लिहिलंय त्यापेक्षा साडेपाच टक्के जास्त पळत होती. सगळे जुने आकडे १.०५५ ने गुणले. सुरुवातीचे ९.१ खरे ९.६ होते आणि ११.६ म्हणजे १२.२. टायर बदलून घेतलेली कुठलीही जुनी गाडी असेल तर हे आधी तपासा, नाहीतर नसलेला आजार शोधत बसाल.

शेवटचा फरक माझ्या पायाने पडला. वाशीला लवकर पोचायचं म्हणून मी मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे असायचो. हौद्यावर जाळी, तिच्यावर फडफडणारी ताडपत्री, म्हणजे समोर भिंतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन महिने पासष्टच्या वर न्यायची नाही असं ठरवलं आणि ताडपत्री चारही बाजूंनी ताणून बांधली. वेळ वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतो, कारण निम्मा रस्ता घाटाचा आणि ट्रॅफिकचाच आहे. बाजार गाठायला तेवढं आधी निघावं लागतं. अ‍ॅव्हरेज १३ ला टेकलं.

९.६ वरून १३ म्हणजे माझ्या फेऱ्यांना महिन्याला साधारण ६५ लिटर डिझेल कमी. नव्वदच्या दराने धरलं तरी पावणेसहा हजारांच्या पुढे जातं. उपयोगी पडलेल्या कामांत सर्वांत महाग रेडिएटर-थर्मोस्टॅटचं होतं, तेही नोझलच्या निम्म्याने नव्हतं.

गाडीबद्दल बाकी थोडक्यात. लोड घेते, स्प्रिंगचे पाटे दमदार आहेत, पार्ट तालुक्याला मिळतात. केबिन उन्हाळ्यात तापते आणि दुसऱ्या गिअरला आवाज आहे, तो दिवाळीनंतर बघणार. विकायचा विचार सोडलाय.

कालची नोंद : मीटरवर ४४१, खरे ४६५ किलोमीटर, डिझेल ३५.६ लिटर, अ‍ॅव्हरेज १३.०६. आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांवर पाणी शिंपडून बघितलं. चारही थंड.