गेर्निका टी-शर्ट: आई आणि बाळासकट अख्खं चित्र मिळालं

गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानातून चित्रकार पिकासोच्या गेर्निका या युद्धावरच्या चित्राचा टी-शर्ट मागवला होता आणि तो हातात आल्यावर इतकं वाईट वाटलं की त्याच दिवशी परत पाठवला, कारण त्यावर फक्त बैलाचं डोकं आणि घोड्याचं तोंड होतं, बाकी सगळं कापून टाकलेलं, आणि लेबलवर काय तर 'बुल आर्ट'. युद्धाचा य पण नाही कुठे. म्हणून या वेळी दुसरीकडून घेताना आधी झूम करकरून फोटो बघितले आणि मगच पैसे भरले. ७४९ रुपये, ऑफव्हाइट, साइज एल. दोन महिने झाले वापरतेय, सात-आठ वेळा धुवून झालाय, आता लिहायला हरकत नाही.

आधी चित्राचंच सांगते, कारण घेतला त्यासाठीच. मूळ चित्र ७.७६ मीटर रुंद आणि ३.४९ मीटर उंच आहे, म्हणजे उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त रुंद, त्यामुळे छातीवर छापलं की एक आडवी पट्टी होते आणि दुकानदारांना ती लहान दिसते, मग ते मधला तुकडा उचलतात आणि मोठा करून छापतात. पण या चित्राच्या दोन्ही कडांनाच सगळा आकांत आहे हो. डावीकडे बैलाच्या खाली मेलेलं बाळ हातात घेऊन वर तोंड करून हंबरडा फोडणारी आई, आणि उजव्या टोकाला आगीत सापडलेली, दोन्ही हात वर केलेली बाई. या दोघी गेल्या की उरतो बैल आणि घोडा, बघणाऱ्याला वाटणार बैलांच्या झुंजीचं चित्र आहे. माझ्या टी-शर्टवर प्रिंट १२ इंच रुंद आणि जेमतेम साडेपाच इंच उंच आहे, लहान आहे, पण दोघी आहेत. मला तेवढंच पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २६ एप्रिल १९३७ ला, स्पेनमधे यादवी चालू असताना, सरकारविरुद्ध उठलेल्या सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क भागातल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. सोमवार होता, बाजाराचा दिवस. पिकासो तेव्हा पॅरिसमधे होता, तिथल्या प्रदर्शनासाठी स्पेनच्या रिपब्लिकन सरकारने त्याला मोठं चित्र काढायला सांगितलेलं होतं पण विषय ठरत नव्हता, मग पेपरमधे ही बातमी आली आणि १ मे ला त्याने सुरुवात केली, साधारण महिनाभरात चित्र पूर्ण. सगळं काळं, पांढरं, करडं, पेपरातल्या फोटोसारखं, आणि घोड्याच्या अंगावर बारीक बारीक रेघा आहेत त्या तर छापील ओळींसारख्याच दिसतात.

टी-शर्ट आल्यावर मी पहिल्यांदा त्या रेघाच शोधल्या. दिसतात, पण घोड्याच्या पोटाजवळ शाई पसरून एकमेकींना चिकटल्यात. खाली पडलेल्या सैनिकाच्या हातात तुटकी तलवार आहे आणि तिच्यापाशी एक बारकं फूल आहे, त्याचा इथे नुसता ठिपका झालाय, याचं खरंच वाईट वाटलं, सगळ्या चित्रात तेवढंच एक जिवंत आहे. प्रिंट अजून दोन इंच रुंद केली असती तर आलं असतं, जागा आहे.

बाकी प्रिंटचं काम चांगलं आहे. शाई कापडात मुरलेली आहे, हात फिरवला तर वरून प्लॅस्टिक चिकटवल्यासारखं लागत नाही, घाम आला तरी छातीला चिकटत नाही आणि अजून भेगा पडल्या नाहीत. ऑफव्हाइटच घ्या, चित्रातल्या पांढऱ्या जागी कापडच दिसतं. काळ्या रंगावर त्यांना खाली पांढरा थर द्यावा लागतो, तसा काळा टी-शर्ट मैत्रिणीने घेतलाय आणि तो छातीवर पुठ्ठ्यासारखा कडक लागतो.

कापड शंभर टक्के कॉटन, १८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजन), तिरुपूरचं. मऊ आहे, पारदर्शक नाही. पहिल्या धुण्यात लांबीला अर्धा इंच आटला, नंतर नाही. गळा ढिला पडला नाही. खांद्याची शिवण एका बाजूला किंचित तिरकी आहे, घातल्यावर कळत नाही. उलटा करून गार पाण्यात धुवा आणि प्रिंटवर इस्त्री फिरवू नका.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर याच चित्राचं विणलेलं मोठं कापड लावलेलं असायचं, आणि फेब्रुवारी २००३ मधे अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकवरच्या युद्धाची बाजू मांडायला आले तेव्हा त्याच्यावर निळा पडदा टाकला होता. इतकं बोचतं हे चित्र. म्हणून ते अर्धं कापून विकलेलं मला चालत नाही.

परवा लिफ्टमधे शेजारच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, काकू हे बाळ झोपलंय का? नाही गं, म्हटलं, आणि तिला गावाचं नाव सांगितलं. ती खाली येईपर्यंत त्या आईकडेच बघत होती.

बहिणीसाठी अजून एक मागवलाय, एम साइज. तुम्ही कुठूनही घेतलात तरी फोटोत डावी कड नीट बघून घ्या.