नैवाशाची होडी उत्तम, नाकुरूचे रोहित पक्षी मात्र माहितीपत्रकावरच

सांगलीतील एका सहल आयोजकाबरोबर नुकतीच केनियाची सहल केली. मसाई माराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामुळे हा अभिप्राय नैवाशा आणि नाकुरू या दोन सरोवरांपुरता, आणि मुख्यतः पक्षिनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांसाठी आहे.

नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेले नैवाशा हे गोड्या पाण्याचे सरोवर महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, त्यामुळे पहाटे स्वेटर लागतोच. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढल्याने जुन्या काठावरची बाभळीच्या कुळातील झाडे पाण्यातच उभी वाळली आहेत आणि त्यांच्या फांद्या पाणकावळ्यांनी व्यापल्या आहेत. कृष्णाकाठी दिसणारा कवड्या धीवर हा मासेमार पक्षी येथेही आहे. पंख फडफडवत तो हवेत एकाच जागी थांबतो, मान किंचितही हलू न देता चोच खाली रोखतो आणि दगड पडावा तसा सरळ पाण्यात कोसळतो. आमच्या होडीपासून जेमतेम दोन हातांवर त्याने हे करून दाखवले. पाणघोड्यांचा कळप दिसताच नावाड्याने इंजिन मंद करून अंतर राखले. आणखी जवळ नेण्याचा काहींचा आग्रह त्याने हसतमुखाने, पण ठामपणे नाकारला, याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील.

एक प्रकार मात्र खटकला. छायाचित्रे मिळावीत म्हणून शीळ घालून मत्स्यगरुडाला बोलावले जाते आणि मासा तरंगत राहावा यासाठी त्यात पपायरस या पाणवनस्पतीचा देठ खोचून तो पाण्यात फेकला जातो. गरुडाची झेप डोळ्यांचे पारणे फेडते हे खरे, पण ही शिकार नव्हे, आमंत्रण देऊन वाढलेले जेवण आहे. नैवाशाच्या क्रेसेंट बेटावर सिंहासारखे मोठे शिकारी प्राणी नसल्यामुळे जिराफ आणि झेब्र्यांच्या कळपांमधून पायी फिरता येते. हा भाग कोणीही चुकवू नये; आमच्या वाट्याला मात्र तो घाईघाईने आला.

नाकुरूबाबत आयोजकावर माझा स्पष्ट आक्षेप आहे. माहितीपत्रकावर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांनी गुलाबी झालेला किनारा छापला होता. प्रत्यक्षात दूरवर तुरळक थवे दिसले. छोटा रोहित प्रामुख्याने क्षारयुक्त पाण्यातील सूक्ष्म निळ्या-हिरव्या शैवालावर जगतो. पाणी वाढून क्षार विरळ झाले की हे शैवाल घटते आणि पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे वळतात. सातारा जिल्ह्यातील मायणी आणि येरळवाडीला हिवाळ्यात येणारे रोहित पाहिलेल्यांना पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची हजेरी यांचा संबंध वेगळा सांगायला नको, मग तो सहल विकणाऱ्यांना ठाऊक नसावा हे पटत नाही. नाकुरूच्या राष्ट्रीय उद्यानात काळे व पांढरे गेंडे मात्र निवांत पाहायला मिळाले. त्यांच्यासाठी नाकुरूला अवश्य जावे, रोहितांच्या भरवशावर जाऊ नये.

बाकी व्यवस्था चोख होती. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवण्याची सूचना वेळेत मिळाली. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असल्यामुळे भडंग डब्यात भरून आणायलाही आवर्जून सांगितले गेले. शाकाहारी जेवण रोज मिळाले, चव बेताची. जीपमध्ये प्रत्येकाला खिडकी मिळाली, पण दुर्बीण सर्वांत मिळून एकच होती, म्हणून स्वतःची न्यावी.

याच आयोजकाकडे जायचे असल्यास नोंदणीपूर्वीच नैवाशाला एक मुक्काम वाढवून मागावा, होडीची फेरी दुपारऐवजी सकाळी लेखी ठरवून घ्यावी आणि मत्स्यगरुडाला मासे टाकू नयेत असे आधीच सांगावे. पक्ष्यांत विशेष रस नसलेल्यांना आहे तो कार्यक्रमही पुरेसा वाटेल.