टॉरवरचं ईमेल: पत्ता दिसायला तोच, मधला माणूस भलताच

टॉर म्हणजे आपली ओळख लपवण्यासाठी इंटरनेटची वाहतूक अनेक संगणकांतून फिरवून नेणारं जाळं. त्यावरून ईमेल वापरायचं म्हटलं की सगळे एक्झिट नोडची, म्हणजे वाहतूक जिथून टॉरबाहेर पडते त्या शेवटच्या संगणकाची, भीती घालतात. ती खोटी नाही. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश सुरक्षातज्ज्ञाने स्वतःचे पाच एक्झिट नोड चालवून त्यांतून जाणारा मजकूर नुसता वाचला आणि कितीतरी वकिलातींच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या हाती लागले. टॉर कुठेही फुटलं नव्हतं. त्या लोकांचं ईमेलच एन्क्रिप्शनविना, म्हणजे कोणालाही वाचता येईल असं उघडं, चाललं होतं.

मला लुबाडणाऱ्याला एक्झिट नोडची गरजही पडली नाही. मी वापरत होते ती ईमेल सेवा साध्या वेबसाइटवर आहे, तशी ओनियन पत्त्यावरही, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या '.onion' पत्त्यावरही, आहे. ओनियन पत्त्यावर गेलं की एक्झिट नोड लागतच नाही. तीन टप्पे आपल्या बाजूचे, तीन सेवेच्या बाजूचे, आणि सगळी वाट टॉरच्या आतूनच. मला तो पत्ता मिळाला ओनियन लिंकांच्या एका यादीत. यादी नीटनेटकी, प्रत्येक लिंकसमोर 'तपासलेली' असं लिहिलेलं. कोणी तपासली, ते अर्थातच नाही.

लॉगिन झालं. जुनी पत्रं जागच्या जागी होती, नवी येत-जात होती. संशय यावा असं काही नव्हतंच, कारण समोर होतं ते खरोखर माझंच खातं. फक्त मध्ये एक जण बसला होता. माझ्याकडून आलेलं तो खऱ्या सेवेला देत होता, तिकडून आलेलं मला देत होता, आणि जाता-येता हवं ते बदलत होता. दुहेरी पडताळणीचा कोडसुद्धा त्याने त्याच क्षणी पुढे सरकवला, त्यामुळे त्या पडताळणीचाही उपयोग झाला नाही.

'पण सेवा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होती ना?' हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. होती, म्हणजे पत्र फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता यावं अशी. पण ब्राउझरमध्ये पत्र उलगडणारा कोड येतो कुठून? जे पान उघडलंय तिथूनच. ते पान त्याच्या हातात, म्हणजे कोड त्याच्या हातात, म्हणजे मी टाइप केलेला पासवर्डही त्याच्या हातात.

आता पत्त्याचं. ओनियन पत्ता ५६ अक्षरांचा असतो आणि तो कुठे नोंदवून मिळत नाही; सेवेच्या सार्वजनिक किल्लीपासून, म्हणजे तिची ओळख ठरवणाऱ्या, सर्वांना उघड असलेल्या लांबलचक आकड्यापासून, गणिताने तयार होतो. दुसऱ्याचा अख्खा पत्ता बनवणं शक्य नाही. पण सुरुवातीची पाच-सहा अक्षरं जुळेपर्यंत नव्या नव्या किल्ल्या पाडत राहणं साध्या संगणकालाही जमतं. पुढच्या प्रत्येक अक्षराला काम ३२ पट वाढतं, एवढंच. प्रामाणिक सेवाही हे करतात. फेसबुकचा ओनियन पत्ता फेसबुकच्याच नावाने सुरू होतो. त्यामुळे आपल्या नजरेला सुरुवात पाहून निर्धास्त व्हायची सवय लागते. फार चिकित्सक माणूस शेवटचं अक्षरही बघतो. पण सध्याच्या सगळ्याच ओनियन पत्त्यांच्या शेवटी इंग्रजी 'डी' असतो, कारण शेवटी पत्त्याच्या आवृत्तीचा आकडा साठवलेला असतो. शेवट जुळला याला काडीचाही अर्थ नाही. पाहायचं ते मधलं, आणि मधलं कोणी पाहत नाही.

ॲड्रेस बारमधलं कांद्याचं चिन्हही होतं बरं का, आणि ते खोटं बोलत नव्हतं. या पत्त्याशी चाललेलं बोलणं सुरक्षित आहे, इतकंच ते सांगतं. पत्ता कोणाचा, हे सांगणं त्याचं काम नव्हे.

उलगडा पैशांमुळे झाला. सशुल्क योजनेचे पैसे बिटकॉइनमध्ये भरले, तरी खातं मोफत योजनेवरच. साध्या वेबसाइटवरून मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं: ज्या बिटकॉइन पत्त्यावर तुम्ही पैसे पाठवलेत तो आमचा नाहीच. पाठोपाठ माझ्या एका ग्राहकाने सांगितलं की बिल केव्हाच भागवलं. त्याला मिळालेल्या पत्रातला बिटकॉइन पत्ता मी लिहिलेला नव्हता.

तोवर पासवर्ड बदलला गेला होता. आणि खरी कोंडी इथून पुढची. खातं माझं असल्याचा पुरावा सेवेने मागितला, ते रास्तच होतं. पण नाव दिलेलं नाही, फोन नंबर नाही, दुसरा ईमेल नाही, आयपी पत्ता दर वेळी टॉरचा. मी आणि चोर, सेवेच्या लेखी दोघेही सारखेच निनावी. फरक इतकाच की पासवर्ड त्याच्याकडे होता. अशा सेवा खातं उघडताना रिकव्हरी कोड देतात. तो कागदावर उतरवून ठेवा. निनावी खात्याची मालकी सिद्ध करायला बहुधा तेवढंच उरतं.

ओनियन पत्ता यादीतून, शोधयंत्रातून किंवा कोणाच्या संदेशातून उचलू नका. टॉर ब्राउझरमध्ये सेवेची साधी एचटीटीपीएस (मजकूर वाटेत कुलूपबंद ठेवणारी) वेबसाइट, नाव नीट वाचून, उघडा. सेवेने सोय केली असेल तर ॲड्रेस बारमध्ये ओनियन पत्ता उपलब्ध असल्याचं बटण दिसतं. त्यावरून आत जा आणि तोच पत्ता बुकमार्क करा. खरं तर बहुतेकांना तेवढीही गरज नाही. साधी वेबसाइट टॉरमधून उघडली तरी एक्झिट नोडवाल्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळतं, पत्रातलं काही दिसत नाही. टॉर ब्राउझरही टॉर प्रोजेक्टच्याच साइटवरून घ्या. तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणारा ठगच.

बिटकॉइन गेले ते गेले, तो व्यवहार उलटवता येत नाही. मी फसवणुकीबद्दल चार ठिकाणी विचारपूस केली, तर लगेच 'चोरीला गेलेले बिटकॉइन परत मिळवून देतो' म्हणणारे संदेश येऊ लागले. भाषा अदबीची, सोबत खऱ्यासारखी प्रमाणपत्रं, आणि आगाऊ शुल्क. तेही बिटकॉइनमध्येच.