मेंदूचा रंगीत नकाशा आणि मुलाचे लक्ष : ठाण्यातील एका बालविकास केंद्राविषयी

घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या पुढे असलेल्या एका खासगी बालविकास केंद्रात आम्ही आमच्या आठ वर्षांच्या मुलाची एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) तपासणी करून घेतली आणि नंतर काही महिने तेथील सेवाही घेतली. केंद्राचे नाव देत नाही, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे ‘ब्रेन मॅपिंग’, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युतलहरींचा नकाशा, ज्या रीतीने विकले जाते त्यावर आहे आणि तशी जाहिरात मी इतरत्रही पाहिली आहे.

तेथील बालविकासतज्ज्ञ डॉक्टर मात्र उत्तम आहेत. त्यांनी तासाभराहून अधिक वेळ देऊन बाळंतपणापासूनचा इतिहास विचारला, झोप, फिट, ऐकणे आणि नजर यांची चौकशी केली, आणि वर्गशिक्षिकेने भरायचा, एडीएचडीची लक्षणे नोंदवणारा व्हँडरबिल्ट प्रश्नसंच बंद पाकिटात परत मागवला, म्हणजे तो आमच्या नजरेखालून जाऊ नये. निदान खरे तर याच पद्धतीने होते. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेच्या निकषांनुसार या वयात लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या यादीतील नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी ती आढळावी लागतात. यासाठी रक्ताची चाचणी नाही आणि स्कॅनही नाही.

तरीही डॉक्टरांची वेळ मिळण्याआधी मॅपिंग करणे तेथे बंधनकारक आहे. मुलाला इलेक्ट्रोडची घट्ट टोपी घालतात, प्रत्येक छिद्रातून केसांत जेल सोडतात आणि हलू नकोस, पापण्या मिटू नकोस असे बजावतात; ज्या मुलाला स्वस्थ बसता येत नाही म्हणून आणले, त्यालाच! त्यानंतर लाल-निळ्या वर्तुळांची चकचकीत पाने हाती येतात. तंत्रज्ञांनी लाल भागावर पेन टेकवून ‘थीटा-बीटा प्रमाण वाढलेले आहे, अटेन्शनचे नेटवर्क बिघडले आहे’ असे सांगितले (थीटा आणि बीटा म्हणजे मेंदूच्या संथ आणि जलद विद्युतलहरी) आणि त्याच बैठकीत आगाऊ पैसे भरल्यास न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे मेंदूलहरी पाहून लक्ष टिकवण्याचा सराव देण्याच्या, पॅकेजवर सवलत मिळेल, हेही सांगितले.

मेंदूतील जाळ्यांचे संशोधन खोटे नाही. मार्कस रेशल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली : आपण बाहेरच्या कामात नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग अधिक सक्रिय असतात आणि काम सुरू झाले की ते मागे सरतात. एडीएचडीमध्ये हे जाळे पुरेसे मागे न सरता मध्येच डोके वर काढते आणि त्यामुळे लक्ष तुटते, असा तर्क सोनुगा-बार्क आणि कास्टेलानोस यांनी २००७ मध्ये मांडला. त्याच वर्षी फिलिप शॉ यांच्या गटाने दाखवले की मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी कमाल पातळीला पोहोचते. पण हे निष्कर्ष मोठ्या गटांच्या तुलनेतून आले आहेत आणि दोन्ही गटांतील मुलांची मोजमापे एकमेकांत बरीच मिसळलेली असतात, त्यामुळे एका मुलाच्या डोक्यावरचा लाल ठिपका पाहून त्याचे निदान करता येत नाही. शिवाय जाळ्यांविषयीचे हे काम मुख्यतः एमआरआयवर झाले आहे, टोपीवर नव्हे. थीटा-बीटा मोजणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीए या औषधे व उपकरणे यांच्या नियामक संस्थेने २०१३ मध्ये परवानगी दिली, ती केवळ डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून. आणि २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने या मोजमापाने नेहमीच्या तपासणीची जागा घेऊ नये, असा सल्ला दिला.

आमच्या डॉक्टरांना थेट विचारले तेव्हा त्यांनीही मोकळेपणाने सांगितले की मॅपिंगमुळे त्यांचे निदान बदलले नसते. मग ते आधी आणि सक्तीने कशासाठी, याचे उत्तर स्वागतकक्षाकडे नव्हते.

न्यूरोफीडबॅकमध्ये लक्ष टिकले की पडद्यावरचे विमान वर जाते. मुलाला मजा आली, यात शंका नाही. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४४ मुलांच्या दुहेरी-अंध (कोणाला खरे आणि कोणाला नकली हे मुलांना व तपासणाऱ्यांना ठाऊक नसलेल्या) चाचणीत खरे प्रशिक्षण घेतलेली आणि नकली प्रशिक्षण घेतलेली अशी दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. आम्ही पॅकेज घेतले नाही.

पैसे वसूल झाले ते पालक-प्रशिक्षणात. समुपदेशकांनी स्वयंपाकघरातून हाका मारणे बंद करायला लावले. मुलाजवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एका वेळी एकच सूचना द्यायची आणि ती पाळताच लगेच कौतुक करायचे. शाळेसाठी त्यांनी तीन रकान्यांचे रोजचे कार्ड करून दिले आणि बाई ते खरोखर भरतात. एडीएचडीवरील मिथाइलफेनिडेट या औषधाविषयी डॉक्टरांनी भीतीही घातली नाही आणि आग्रहही केला नाही. औषध सुरू करण्याआधी उंची, वजन, रक्तदाब नोंदवला आणि भूक कमी होऊ शकते याची कल्पना दिली.

अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो. घरी मुलाला आजी सांभाळत असल्यास समुपदेशकांकडून सूचना मराठीत लिहून मागाव्यात, त्या देतात. संध्याकाळची वेळ घेऊ नये, कारण घोडबंदरच्या कोंडीत मूल आधीच कावून जाते. नोंदणी करतानाच मॅपिंग वगळून केवळ डॉक्टर आणि पालक-प्रशिक्षण मिळेल का, हे लेखी विचारावे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तसे मिळाले आहे.