मतपत्रिका त्याच, महापौर वेगळा

बर्लिंग्टन, व्हरमाँट (अमेरिका), २००९ ची महापौर निवडणूक. मतदारांनी उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा; मोजणी बाद फेऱ्यांची: तळाचा उमेदवार बाहेर, त्याची मतं पुढच्या पसंतीला. पहिल्या पसंतीत आघाडीचे तिघे: कर्ट राइट २९५१, बॉब किस २५८५, अँडी माँट्रोल २०६३. माँट्रोल बाद झाले आणि शेवटी किसनी राइटना ४३१३ विरुद्ध ४०६१ असं हरवलं.

त्याच मतपत्रिका काँदोर्से पद्धतीने, म्हणजे दोघादोघांची झुंज लावून मोजल्या तर? माँट्रोल दोघांनाही हरवतात! राइट शेवटपर्यंत टिकल्याने त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती कुणी पाहिलीच नाही. तिथे माँट्रोल किसच्या बरेच पुढे होते.

मला काँदोर्से जास्त न्याय्य वाटते. मात्र अ ब-ला, ब क-ला, क अ-ला हरवतो असा पेच पडला, की वेगळा नियम लागतोच. बर्लिंग्टनकरांनी २०१० मध्ये पसंतीक्रमच रद्द केला.