संगमेश्वरहून दिवा: रत्नागिरी पॅसेंजर की सावंतवाडीची गाडी?

संगमेश्वर, आरवली, सावर्डे या पट्ट्यात लहान स्थानकांवर थांबत मुंबईकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाड्या दोनच. एक पहाटे रत्नागिरीहून सुटणारी पॅसेंजर, दुसरी सकाळी सावंतवाडीहून निघून दुपारी इकडे पोचणारी. दुसरीचा नंबर ५०१०६ चा १०१०६ झाला, म्हणजे नावाला ती एक्स्प्रेस झाली, पण थांबे पॅसेंजरचेच राहिले.

करोनाआधी निवड सोपी होती. रत्नागिरी पॅसेंजर थेट दादरला जायची. नंतर ती ठाणे जिल्ह्यातल्या दिवा स्थानकातच संपवायला लागले आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा गेला. तांदळाची गोणी, नारळ, आंब्याची पेटी घेऊन दिव्याचा पूल चढायचा आणि लोकल पकडायची, हा त्रास आता दोन्हीकडे सारखाच. ही गाडी पुन्हा दादरला जायलाच हवी.

तरी माझा कल रत्नागिरी पॅसेंजरकडेच आहे, आणि त्याचं कारण बसायची जागा. सावंतवाडीची गाडी संगमेश्वरला येते तेव्हा कुडाळ, कणकवली, राजापूरची माणसं आधीच बसलेली असतात. शिमगा, गणपती आणि मे महिन्यात तर दारातच सामान रचलेलं असतं, आतून कोणी दार उघडत नाही आणि गाडी थांबते जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. चिपळूण, खेडला याहून वाईट. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर हा धोका पत्करू नये. रत्नागिरी पॅसेंजर मात्र दोन-तीन स्थानकं मागूनच सुटलेली असते. सणाच्या परतीचे दिवस सोडले तर संगमेश्वरला बहुधा खिडकी मिळते.

वेळेचंही तसंच. मुंबईकडून दुहेरी मार्ग महाडजवळच्या वीरपर्यंतच, खाली सगळी एकेरी लाइन. एक्स्प्रेस आली की पॅसेंजरला स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, लूपवर घेतात. कडवई, खारेपाटण अशी नवी स्थानकं झाल्याने क्रॉसिंगला जागा वाढली, पण सावंतवाडीची गाडी रत्नागिरीला येईपर्यंतच दीडशेहून अधिक किलोमीटर एकेरी मार्ग तोडून आलेली असते. मागचा सगळा उशीर ती बरोबर घेऊन येते. पहाटेच्या गाडीला उशीर साठवायला अंतरच नसतं.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब करावा लागतो. संगमेश्वरकडच्या, शास्त्री नदीकाठच्या माणसाला कामथे आणि चिपळूणच्या मधला वाशिष्ठीचा पूल ओलांडावाच लागतो. जुलै २०२१ च्या पुरात याच पुलापाशी पाणी धोक्याच्या वर गेलं आणि वाहतूक थांबली. असं झालं तर पहाटेच्या गाडीचा माणूस संगमेश्वरलाच अडतो. दिवस हातात असतो, महामार्गावर येऊन एसटीची चौकशी करता येते किंवा घरी परतता येतं. दुपारची गाडी अडली तर वाटेतल्या एखाद्या स्थानकात अंधार पडतो.

पहाटेची अडचण एकच: त्या वेळी स्टेशनला आणणारी एसटी मिळणं कठीण. रिक्षावाल्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं. तिकिटाच्या खिडकीवर सुट्टे पैसे न्यावेत. हे जमत नसेल, गाव आत डोंगरात असेल, तर सावंतवाडीची गाडी बरी. फक्त ती दिव्याला रात्री पोचते आणि डोंबिवली-कल्याणकडच्या लोकल तेव्हा भरलेल्या असतात.

चेंबूर, कुर्ला किंवा नवी मुंबईत जायचं असेल तर दिव्यापर्यंत जाऊच नका. पनवेलला उतरा. हार्बरची लोकल तिथूनच सुटते, सामानासकट बसायला मिळतं.